लॅमिनेट फ्लोअरिंग सदोष निघाले आणि दुकानदार जबाबदारी नाकारतोय? ग्राहकाने काय करावे

समजा, नंदुरबार जिल्ह्यातील धानोऱ्यात एका कुटुंबाने नवे घर बांधले. समोरच्या खोलीत लाकडासारखी दिसणारी फरशी हवी म्हणून एप्रिलमध्ये लॅमिनेट फ्लोअरिंग बसवून घेतले. खोली १८ बाय १२ फुटांची, म्हणजे २१६ चौरस फूट. माल १०० रुपये चौरस फुटाने २१,६०० रुपयांचा आणि बसवण्याची मजुरी ४,३२० रुपये. जुलैमध्ये पट्ट्यांच्या कडा फुगल्या, दोन-तीन ठिकाणी सांधे उघडले आणि दाराजवळ फरशी वर उचलली गेली. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, ‘‘माल कंपनीचा आहे, आम्ही फक्त विकतो. तुमच्या घरात ओल असेल.’’ कंपनीच्या माणसाने फोनवरच सांगितले, ‘‘फिटिंग चुकले आहे, वॉरंटीत बसत नाही.’’ मिस्त्री म्हणाला, ‘‘मालच हलका होता.’’

हे उदाहरण कल्पित आहे, पण हा अनुभव अनेकांच्या ओळखीचा असेल. तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि ग्राहक मध्येच अडकतो. अशा वेळी कायदा काय सांगतो, पुरावा कसा जपायचा, तक्रार कुठे करायची आणि केस कधी कमजोर पडते, हे या लेखात पाहू.

थोडक्यात उत्तर

• ‘आम्ही फक्त विकतो’ हे कायद्याच्या दृष्टीने पुरेसे उत्तर नाही. विकलेल्या मालाच्या दर्जाबाबत विक्रेत्याची स्वतःची जबाबदारी असते.
• मात्र दोष मालात आहे, फिटिंगमध्ये आहे की घरातील ओलीत आहे, हे ठरल्याशिवाय दाद मिळत नाही. ते दाखवण्याचे ओझे मुख्यतः तक्रारदारावर असते.
• म्हणून पुरावा गोळा होण्याआधी फरशी उखडू नका.
• लेखी तक्रार, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग, असा क्रम ठेवा.
• आयोगात जाण्याची मुदत दोन वर्षांची आहे. माल सुरतेहून आणला असला तरी तक्रार नंदुरबारला करता येते.

लॅमिनेट फ्लोअरिंग म्हणजे नेमके काय?

लॅमिनेट हे अस्सल लाकूड नाही. लाकडाचे तंतू आणि राळ उष्णतेने व दाबाने एकत्र करून एक घट्ट फळी बनवतात. तिला एचडीएफ म्हणतात. या फळीवर लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि त्यावर झिजेपासून वाचवणारा पारदर्शक कठीण थर असतो. खालच्या बाजूलाही एक थर असतो, त्यामुळे पट्टी वाकत नाही. घरगुती वापरासाठी ८ आणि १२ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या जास्त चालतात. खोक्यावर ‘एसी ३’, ‘एसी ४’ असा जो आकडा असतो, तो वरचा थर किती झीज सोसेल हे सांगतो. पाणी किती सोसेल याच्याशी त्या आकड्याचा संबंध नाही.

या पट्ट्या खालच्या कोब्याला चिकटवत नाहीत. फोमच्या थरावर त्या एकमेकींत अडकवून ठेवतात. याला तरंगती फरशी म्हणतात. हवेतील दमटपणा वाढला की पट्ट्या किंचित प्रसरण पावतात आणि कोरड्या हवेत आकसतात. म्हणून भिंतीच्या कडेने साधारण ८ ते १० मिलिमीटर जागा मोकळी सोडून ती स्कर्टिंगखाली झाकतात. ही जागा सोडली नाही, तर पावसाळ्यात फुगलेल्या फरशीला सरकायला वाव मिळत नाही आणि ती मध्येच वर येते. माल कितीही चांगला असला तरी हे टळत नाही.

बिघाडाची तीन कारणे आणि त्यांच्या खुणा

वाद जिंकायचा असेल तर आधी स्वतःशी प्रामाणिकपणे हे ठरवा की बिघाड कोणत्या गटातला आहे.

मालाचा दोष. वरचा थर पोपड्यासारखा सुटतो. साधा वापर असूनही काही महिन्यांत चित्र पुसट होते. एकाच खोक्यातील पट्ट्यांची जाडी किंवा रंग जुळत नाही. पट्ट्या एकमेकींत अडकवण्याची खाच कमजोर असते आणि बसवतानाच तुटते. अशा खुणा खोलीत सगळीकडे विखुरलेल्या असतात, पाण्याच्या जागेजवळच दिसतील असे नाही. न वापरलेल्या, शिल्लक राहिलेल्या पट्टीतही तोच दोष सापडला, तर तो फार मोठा पुरावा ठरतो.

फिटिंगची चूक. भिंतीकडे मोकळी जागा सोडलेली नसते. कोबा समतल नसतो, त्यामुळे चालताना फरशी दबते आणि आवाज येतो. कोब्यावर प्लास्टिकचा थर न अंथरताच पट्ट्या टाकलेल्या असतात. गोदामातून आणलेली खोकी त्याच दिवशी फोडून बसवलेली असतात. बहुतेक उत्पादक खोकी खोलीतच ४८ तास ठेवायला सांगतात, म्हणजे पट्ट्या तिथल्या हवेला सरावतात. फार लांब खोलीत मध्ये जोडपट्टी द्यावी लागते, तीही कधी कधी राहून जाते.

ओल किंवा वापर. नवा कोबा पूर्ण सुकलेला नसतो. भिंतीतून पाणी झिरपते. दारातून पावसाचे पाणी आत येते किंवा रोज ओल्या पोछाने फरशी पुसली जाते. अशा वेळी फुगवटा दाराजवळ, बाथरूमच्या भिंतीलगत किंवा खिडकीखाली जास्त दिसतो.

एक सोपी चाचणी घरी करता येते. जिथे कोबा उघडा आहे, तिथे दीड फूट लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बंद करून एक दिवस ठेवा. आतून थेंब जमले तर कोब्यात ओल आहे. यावरून अंदाज येतो, पण आयोगापुढे तज्ज्ञाचा अहवाल जास्त उपयोगी पडतो.

अनेकदा दोन कारणे एकत्र असतात. दुकानदारानेच स्वतःची माणसे पाठवून फिटिंग करून दिले असेल, तर माल की फिटिंग हा वाद तुमच्यापुरता हलका होतो, कारण दोन्ही त्याच्याच पदरात पडतात. मालाचा ‘दोष’ आणि सेवेतील ‘त्रुटी’ अशी दोन्ही कारणे तक्रारीत एकत्र मांडता येतात. मिस्त्री तुम्ही वेगळा लावला असेल, तर मात्र हा फरक महत्त्वाचा ठरतो.

फरशी उखडण्याआधी हे करा

खराब फरशीवरून रोज चालणे त्रासाचे असते, म्हणून लोक ती काढून टाकतात आणि मग भांडायला जातात. तोवर पुरावा भंगारात गेलेला असतो.

१. बिल, डिलिव्हरी चलन, वॉरंटी कार्ड आणि खोक्याचे लेबल एकत्र ठेवा. लेबलवरील बॅच क्रमांक, जाडी आणि उत्पादनाची तारीख यांचा फोटो काढा.

२. पक्के बिल नसेल तर यूपीआयची नोंद, बँकेचे पासबुक, दुकानाच्या शिक्क्याची चिठ्ठी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील बोलणे जपा. बिल नसले म्हणून ग्राहकाचा हक्क संपत नाही, फक्त व्यवहार सिद्ध करायला जास्त कष्ट पडतात. बिल न देणे हीच मुळात कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.

३. संपूर्ण खोलीचा एक व्हिडिओ काढा. त्यानंतर प्रत्येक खराब पट्टीचा जवळून फोटो काढा आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. किती पट्ट्यांपैकी किती खराब आहेत, ते मोजून लिहा.

४. एका कोपऱ्यातील स्कर्टिंग सांभाळून काढा आणि भिंत व फरशी यांमधील मोकळी जागा मोजा. तिचाही फोटो घ्या.

५. शिल्लक राहिलेल्या न वापरलेल्या पट्ट्या कोरड्या जागी ठेवा. त्या दुकानदाराला परत देऊ नका. द्यायच्याच असतील तर पोच घ्या आणि निम्म्या स्वतःकडे ठेवा.

६. स्थापत्य अभियंता, वास्तुविशारद किंवा फ्लोअरिंगचे काम जाणणारा त्रयस्थ कारागीर यांच्याकडून पाहणी करून लेखी अहवाल घ्या. पाहणीचा दिवस दुकानदाराला आधी कळवा आणि हजर राहायला सांगा. तो आला नाही तरी तुम्ही संधी दिली होती, हे दिसते.

मोबाइलमधील फोटो आणि संदेश पुढे आयोगात द्यायचे असतील, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र जोडावे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ मध्ये त्याची तरतूद आहे. मूळ फोन आणि मूळ संदेश पुसून टाकू नका.

दुकानदाराची नेहमीची उत्तरे आणि कायदा

*‘‘माल कंपनीचा आहे, कंपनीशी बोला.’’*
तुमच्याकडून पैसे दुकानदाराने घेतले, विक्रीचा करार त्याच्याशी झाला. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार, ग्राहकाने आपली गरज सांगितली असेल आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर माल त्या कामाला योग्य असावा ही अट करारात न लिहिताही धरली जाते. त्या प्रकारचा माल विकणाऱ्याकडून वर्णनावरून खरेदी केली असेल, तर माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, हेही त्याच कलमात आहे. नमुना दाखवून विक्री झाली असेल, तर संपूर्ण माल नमुन्याप्रमाणे हवा, असे कलम १७ सांगते.

*‘‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही, बिलावर छापले आहे.’’*
ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २ (४७) नुसार सदोष माल परत घेण्यास आणि पैसे परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर त्यासाठी मुदत दिलेली असेल तर ती मुदत, नसेल तर ३० दिवस, असे कलमात म्हटले आहे. पण हे सदोष मालापुरते आहे. रंग आवडला नाही किंवा चार खोकी जास्त आणली, यासाठी हे कलम वापरता येत नाही.

*‘‘तुम्ही आता तीन महिन्यांनी सांगताय.’’*
३० दिवस उलटले म्हणजे हक्क संपला असे नाही. पहिल्या पावसाळ्यात उघड होणारा दोष एप्रिलमध्ये दिसणे शक्य नव्हते. मात्र दोष दिसल्यावर लगेच कळवणे ही तुमची बाजू आहे. दिवाळीपर्यंत थांबून मग तक्रार केली, तर ‘मधल्या काळात काय झाले?’ हा प्रश्न येणारच.

*‘‘वॉटरप्रूफ असे आम्ही म्हटलेच नव्हते.’’*
कायद्यातील ‘दोष’ या शब्दाच्या व्याख्येत विक्रेत्याने जो दर्जा असल्याचा दावा केला, त्यात कमी पडणे हेही येते. त्यामुळे माहितीपत्रक, दुकानातील फलकाचा फोटो किंवा ‘पाणी लागलं तरी काही होत नाही’ असा संदेश फार मोलाचा ठरतो. माहितीपत्रकात फक्त पाणीरोधक असे लिहिलेले असेल, तर बहुधा सांडलेले पाणी काही तासांत पुसले तर चालते, एवढाच त्याचा अर्थ असतो. तो मजकूर नीट वाचून मगच दावा करा.

*‘‘खराब पट्टी दिसत होती तर बसवलीच का?’’*
हा दुकानदाराचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे. बसवण्याआधी प्रत्येक पट्टी तपासा, बसवलेली पट्टी स्वीकारली असे मानले जाईल, असे उत्पादकांच्या सूचनांमध्ये बहुधा लिहिलेले असते. डोळ्यांना सहज दिसणाऱ्या दोषांबाबत हा मुद्दा चालू शकतो. वापरानंतरच उघड होणाऱ्या दोषांना, जसे की थर सुटणे किंवा रंग उडणे, तो लागू पडत नाही.

दुकानदार जबाबदार की कंपनी? गोव्यातील एक निकाल

या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा १८ फेब्रुवारी २०२१ चा एक निकाल उपयोगी आहे. प्रकरण गोव्यातले होते आणि वाद मोटारीचा होता. ग्राहकाला २०११ चे मॉडेल हवे होते, डीलरने त्याला २००९ चे मॉडेल दिले. ग्राहकाने गाडी बदलून द्या किंवा पैसे परत करा, अशी मागणी केली. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत डीलर आणि उत्पादक टाटा मोटर्स या दोघांनाही जबाबदार धरले गेले. सर्वोच्च न्यायालयाने उत्पादकाविरुद्धचा आदेश रद्द केला. कंपनी आणि डीलर यांच्यात स्वतंत्र खरेदी-विक्रीचे नाते होते, डीलरच्या कृतीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झाले नव्हते, म्हणून त्या कृतीसाठी कंपनीला जबाबदार धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. डीलरची जबाबदारी कायम राहिली.

फ्लोअरिंगच्या ग्राहकाने यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, दुकानदाराने स्वतः जे केले, म्हणजे खोटे सांगितले, जुना साठा खपवला किंवा चुकीची माणसे पाठवून फिटिंग केले, त्यासाठी कंपनी आपोआप जबाबदार ठरत नाही. दुसरी, दुकानदारालाही ‘कंपनीकडे जा’ म्हणून सुटता येत नाही. म्हणून तक्रारीत दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाला करा, पण कोणाची कोणती चूक ते वेगवेगळे लिहा. बाहेरच्या मिस्त्रीने फिटिंग केले असेल आणि चूक तिथे असण्याची शक्यता असेल, तर त्यालाही सामील करा. नाहीतर दोन्ही सामनेवाले गैरहजर मिस्त्रीवर खापर फोडून मोकळे होतील.

आणखी एक बारीक मुद्दा. २०१९ च्या कायद्यात ‘उत्पादन दायित्व’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ते ऐकायला सोयीचे वाटते, पण त्यातील ‘हानी’च्या व्याख्येत खुद्द त्या वस्तूचे नुकसान धरलेले नाही. फरशी फुगली एवढीच तक्रार असेल, तर सदोष माल, सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा याच आधारांवर तक्रार करावी. उचललेल्या पट्टीला अडखळून कोणी पडून जखमी झाले, तर ते प्रकरण वेगळे.

पायरी १ : लेखी तक्रार

फोनवरचे बोलणे हवेत विरते. एक पत्र स्पीड पोस्टाने दुकानदाराला आणि त्याची प्रत कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पाठवा. ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅपवरही पाठवा. मजकूर असा असू शकतो :

*प्रति, ............ (दुकानाचे नाव व पत्ता)*
*विषय : सदोष लॅमिनेट फ्लोअरिंगबाबत तक्रार व मागणी*
*महोदय, मी आपल्या दुकानातून दि. ...... रोजी बिल क्र. ...... नुसार ...... चौरस फूट लॅमिनेट फ्लोअरिंग रु. ...... ला खरेदी केले. बॅच क्र. ...... आहे. फिटिंग दि. ...... रोजी आपण पाठवलेल्या / मी नेमलेल्या कारागिराने केले. दि. ...... पासून पुढील दोष दिसू लागले : ...... एकूण ...... पट्ट्यांपैकी ...... पट्ट्या खराब आहेत. फोटो व पाहणी अहवाल सोबत जोडला आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत प्रत्यक्ष पाहणी करून सदोष माल बदलून द्यावा व फिटिंगचा खर्च द्यावा, अथवा रु. ...... परत करावेत. जबाबदारी नाकारायची असल्यास कारण लेखी कळवावे. अन्यथा मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन.*
*आपला / आपली, ............*

‘कारण लेखी कळवावे’ हे वाक्य वगळू नका. दुकानदाराने लेखी ‘ओल आहे’ म्हटले आणि पाहणीला कोणीच आले नव्हते, तर त्याचे उत्तर तिथेच पोकळ ठरते. उत्तरच दिले नाही, तर तेही नोंदवण्यासारखे असते.

पायरी २ : हेल्पलाइन १९१५

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतूनही बोलता येते. तक्रार नोंदवली की क्रमांक मिळतो आणि हेल्पलाइन संबंधित कंपनीकडे तक्रार पाठवते. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत याचा उपयोग होतो. पण हेल्पलाइन निकाल देत नाही, तिला कोणावर सक्ती करता येत नाही आणि तिथे गेलेला वेळ दोन वर्षांच्या मुदतीतून वजा होत नाही.

पायरी ३ : जिल्हा ग्राहक आयोग

*कुठे?* १९८६ च्या जुन्या कायद्यात तक्रार मुख्यतः जिथे विक्रेता आहे किंवा जिथे व्यवहार घडला तिथेच करावी लागे. नंदुरबार जिल्हा गुजरातला लागून आहे आणि सुरत–भुसावळ लोहमार्ग नंदुरबारवरून जातो. घरासाठीचा माल गुजरातमधून आणला असेल, तर पूर्वी सुरतेला फेऱ्या माराव्या लागल्या असत्या. २०१९ च्या कायद्यातील कलम ३४ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे दुकान सुरतेत असले तरी धानोऱ्याच्या ग्राहकाला नंदुरबारच्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. ऑनलाइन खरेदीलाही हेच लागू आहे.

*किती रकमेपर्यंत?* वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. इथे मोजलेली किंमत पाहतात, मागितलेली भरपाई नाही.

*फी किती?* मोजलेली किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर काहीच फी नाही. ५ ते १० लाखांसाठी २०० रुपये आहे.

*वकील लागतो का?* नाही. स्वतः किंवा अधिकृत प्रतिनिधीमार्फत बाजू मांडता येते. वकील हवा असेल पण परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि महिला यांना मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे, त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. आदिवासी बहुसंख्य असलेल्या नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ही तरतूद अनेकांच्या उपयोगाची आहे. हेल्पलाइन क्रमांक १५१००.

*ऑनलाइन करता येते का?* हो. आधी ‘ई-दाखिल’ पोर्टल होते, १ जानेवारी २०२५ पासून ‘ई-जागृती’ सुरू झाले आहे. अर्ज केल्यास व्हिडिओद्वारे सुनावणीची परवानगी मिळू शकते.

*मुदत?* कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. दुकानदार ‘बघतो, करतो’ म्हणत राहिला तरी घड्याळ थांबत नाही. उशीर झाल्यास सबळ कारण देऊन विलंबमाफीचा अर्ज करावा लागतो, तो मंजूर होईलच असे नाही.

आयोगात पुढे काय होते?

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे साधारणपणे २१ दिवसांत ठरते. त्यानंतर सामनेवाल्याला नोटीस जाते. त्याने ३० दिवसांत लेखी जबाब द्यायचा असतो आणि आयोग फार तर १५ दिवस वाढवून देऊ शकतो. ही ४५ दिवसांची मर्यादा बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जुन्या कायद्यातील तशाच तरतुदीबाबत ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले. तडजोडीची शक्यता दिसली, तर दोघांच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवले जाते.

दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर कलम ३८ नुसार आयोग मालाचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणीचे शुल्क आधी तक्रारदाराला भरायला सांगितले जाऊ शकते. इथे ती जपून ठेवलेली न वापरलेली पट्टी कामी येते. निकाल तीन महिन्यांत, तपासणी असल्यास पाच महिन्यांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, ही तयारी मनात ठेवावी.

सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याचे ओझे तक्रारदारावर आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २०२१ रोजी एसजीएस इंडिया विरुद्ध डॉल्फिन इंटरनॅशनल या प्रकरणात पुन्हा सांगितले. म्हणूनच फोटो, मोजमाप आणि अहवाल यांवर या लेखात इतका भर दिला आहे.

काय मागावे?

कलम ३९ नुसार आयोग दोष दूर करण्याचा, माल बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा, नुकसानभरपाई आणि तक्रारीचा खर्च देण्याचा आदेश देऊ शकतो. मागणी मोजून-मापून करा. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा (२००६) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची हमी असताना संपूर्ण गाडी बदलण्याचा आदेश टिकवला नाही. फ्लोअरिंगमध्ये १२ पट्ट्या खराब असतील तर दुकानदारही तेच म्हणेल. मग संपूर्ण खोली का बदलावी लागेल, हे तुम्हालाच सांगावे लागेल. त्या बॅचचा रंग आता मिळत नाही, किंवा मधली पट्टी काढायला कडेपासून सगळी फरशी सोडवावी लागते, अशी ठोस कारणे लिहा.

सुरुवातीच्या उदाहरणात मागणी अशी होईल : मालाचे २१,६०० रुपये, फिटिंगचे ४,३२० रुपये, फरशी काढण्याचा खर्च, पाहणी अहवालाची फी, आणि त्रासापोटी वाजवी रक्कम. २६ हजारांच्या फरशीसाठी दहा लाखांची मागणी केल्याने केस मोठी होत नाही, उलट विश्वास कमी होतो.

निकाल मान्य नसेल तर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. पैसे देण्याचा आदेश झालेल्या पक्षाला अपिलासाठी निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आदेश पाळला नाही तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

केस कधी कमजोर पडते?

• फरशी उखडून टाकली आणि नमुना शिल्लक नाही.
• फुगवटा फक्त गळतीच्या भिंतीलगत आहे.
• उत्पादकाच्या सूचनांविरुद्ध फिटिंग केले आणि ते तुम्ही नेमलेल्या माणसाने केले.
• खोली नफ्याच्या व्यवसायासाठी आहे. दुकान किंवा लॉज यांसाठी घेतलेला माल व्यापारी हेतूचा ठरू शकतो आणि मग तुम्ही ‘ग्राहक’ राहत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला मात्र कायद्याने सूट दिली आहे. एरवी दिवाणी न्यायालयाचा मार्ग उरतो.
• ‘तक्रार मिटली’ असे लिहिलेल्या कागदावर सही करून तुटपुंजी रक्कम घेतली आहे.

यातले काही तुमच्या बाबतीत खरे असेल, तर तडजोडीचा विचार करा. माल मोफत घेऊन मजुरी स्वतः देणे किंवा निम्मी किंमत परत घेणे यात कमीपणा नाही. तडजोड झाली तर ती लिहून घ्या आणि पैसे हातात आल्यावरच सही करा.

नवे फ्लोअरिंग घेणार असाल तर

पक्के बिल घ्या आणि त्यावर कंपनी, जाडी, बॅच व फिटिंग कोण करणार हे लिहून घ्या. एक-दोन पट्ट्या आणि एक खोके कायम जपून ठेवा. कोबा सुकला आहे का ते तपासा. फिटिंगच्या दिवशी भिंतीकडची मोकळी जागा आणि प्लास्टिकचा थर यांचे फोटो काढा. तळमजल्यावर किंवा पावसाचे पाणी आत येणाऱ्या खोलीत लॅमिनेट घ्यायचे का, याचाही आधी विचार करा. या दिवशी काढलेले चार फोटो जुलैमध्ये ‘तुमच्या घरात ओल असेल’ या वाक्याला उत्तर देतात.